ढोल थांबला तेव्हा

सिएरा लिओनमधल्या एका गावात भाताची कापणी सगळे मिळून करत. बांधावर बसून म्हातारा बोकारी ढोल वाजवायचा आणि त्याच्या ठेक्यावर सगळ्यांचे विळे चालायचे.

त्या वर्षी गावाचा नवा मुखिया लान्साना दिवसभर झाडाखाली बसून अधूनमधून हुकूम सोडत होता. संध्याकाळी नव्या तांदळाचा भात शिजला, तसा तो ऐटीत म्हणाला, "ज्याच्या हातावर भाताच्या पातीचे ओरखडे असतील, त्यालाच वाढायचं! ढोल बडवणाऱ्याला फुकटचं जेवण नाही."

बोकारी ढोल उचलून घराकडे निघाला.

भात वाढणारी येमा मात्र डाव घेऊन सरळ मुखियापाशी गेली. "पहिला मान तुमचा. दाखवा हात."

मुखियाच्या हातावर साधी रेघोटीही नव्हती. तो गडबडला. "मी दिवसभर तोंडानं काम केलंय! माझ्या आवाजावरच कापणी झाली."

"बोकारीबाबांचं कामही आवाजाचंच," येमा म्हणाली. "पण दुपारी ते पाणी प्यायला थांबले, तर आमचे विळे थांबले. तुम्ही दुपारभर घोरत होतात, तरी एकही विळा थांबला नाही."

एकच हशा पिकला. येमानं बोकारीला हाताला धरून परत आणलं आणि पहिला डाव त्याच्या वाडग्यात घातला. "बाबा, तुमच्या ढोलामुळं दिवस कसा सरला, कळलं नाही. फार उपकार झाले."

मग मान खाली घालून बसलेल्या मुखियालाही तिनं वाडगाभर वाढलं.

"जेवा पोटभर. आमच्यात हात बघून वाढत नाहीत."