रिकामी परत आलेली वाटी

एकदा एक वृद्ध आचारी गावच्या धर्मशाळेत दर गुरुवारी बायकांना रांधायला शिकवू लागले. सगळ्या त्यांना आबा म्हणत. मथुरा ही त्यांची सर्वांत जुनी शिष्या. आबा थकले की हा वर्ग आपणच चालवायचा, असे तिने मनाशी धरले होते.

मग मथुरेची शेजारीण गोदा वर्गात आली. तिने पहिल्याच दिवशी शिळ्या भाताची थालीपिठे केली आणि आबांनी ती दुसऱ्यांदा मागून घेतली. मथुरेच्या बासुंदीला ते नुसते “छान” म्हणाले होते.

त्या दिवसापासून मथुरेचे पातेले मोठे झाले. गोदाने आमटी केली की ही कटाची आमटी, वर पुरण करी, आणि वाट्या भरभरून घरोघर, आबांकडेही धाडी. आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही गावची रीत. त्यामुळे प्रत्येक घरातून काहीतरी उलट येई. मथुरेच्या घरी खाणारी माणसे तीन. उरलेले सारे म्हशीच्या घमेल्यात जाई. तरी गोदाच्या घरातून हसण्याचा आवाज आला की मथुरेचा घास कडू होई.

एका गुरुवारी आबांनी सर्वांदेखत मथुरेची वाटी परत केली. धुतलेली, पण रिकामी.

मथुरा लाल झाली. “गोदाची वाटी भरून देता आणि माझी अशी? इतक्या वर्षांचं हेच फळ?”

“रागावू नकोस, बाई,” आबा म्हणाले. “तुझ्या हाताला चव आहे. पण चुलीपुढे बसून तू बघतेस गोदाच्या घराकडे. मग घरच्यांची भूक तुला दिसणार कशी? तुझी वाटी आली की मलाही भुकेवाचून रांधावं लागतं. कुणीतरी थांबायला हवं होतं, म्हणून मी थांबलो.”

मथुरा वाटी उचलून घरी गेली. संध्याकाळी तांदूळ घेताना तिने प्रथमच विचारले, “सासूबाई, भूक किती आहे?”

“विचारलंस बाई एकदाचं!” म्हातारी हसली. “सकाळचा भात आहे की. तोच दे काहीतरी करून.”

मथुरेने तांदूळ डब्यात परत ओतले. मग तीच रिकामी वाटी घेऊन गोदाच्या दारात गेली.

“गोदा,” ती म्हणाली, “घरात भात उरलाय. त्या थालीपिठात तू पीठ किती घालतेस गं?”