पाणी पिऊन बसलेले खडे

फार फार जुनी गोष्ट, बरं का. जमिनीच्या पोटातून आगीचा रस वर आला, थिजला आणि त्याचा झाला काळाकुट्ट डोंगर. त्या डोंगरात हौसा नावाची पाथरवटीण दगड फोडायची. सोबत तिची चिमुरडी लेक, तानू.

एकदा काय झालं, डोंगरातून एक राक्षस उठला. उठला तोच तहानलेला! त्याने तानूला मुठीत धरलं आणि म्हणाला, "सूर्य बुडायच्या आत मला या दगडांतून पाणी काढून दे. नाहीतर हिला गिळतो!"

हौसाने चहूकडे पाहिलं. आसपास ना विहीर, ना ओढा. पण काळा दगड फोडला की कधी कधी आत पांढरेशुभ्र, चमकदार खडे सापडायचे. असा खडा चुलीत पडला की फुसफुसतो, हे तिने पाहिलं होतं. म्हणजे आत पाणी असणारच! तिने खडे मडक्यात घातले नि खाली जाळ केला.

खडे फुसफुसले, पण मडकं उघडं. सगळी वाफ उडून गेली! राक्षस खदाखदा हसला.

मग तिने नवे खडे घातले, वर झाकण ठेवलं. झाकणाला थेंब धरले. पण घाबरलेली बाई ती, हात भाजेल म्हणून मडकं निवेपर्यंत थांबली. थेंब खाली पडले आणि निवलेल्या खड्यांनी सगळे पिऊन टाकले! सूर्य पार खाली आला. मुठीतून तानू ओरडली, "आये, लवकर गं!"

हौसा ढसाढसा रडली. पण हात काही थांबवले नाहीत. मग तिसऱ्यांदा खडे तापले, थेंब धरले, आणि तिने झाकण गरम गरमच उचललं. बोटं भाजली, तरी सोडलं नाही. थेंब राक्षसाच्या जिभेवर टपटप ओघळले.

"गोड आहे की! पण एवढंसंच?" मेला हावरट! त्याने मूठ सोडली, दोन्ही हातांनी मडकं उचललं आणि ते तापून कोरडेठाक झालेले खडे तोंडात ओतले. खड्यांना तर त्याच्याहून जास्त तहान! त्यांनी त्याच्या तोंडातला सगळा ओलावा शोषला. जीभ टाळूला चिकटली. "ऊं ऊं" करत तो जो समुद्राकडे पळाला, तो परत आलाच नाही.

हौसाने लेकीला छातीशी घट्ट धरलं. तानूने आईच्या भाजलेल्या बोटांवर फुंकर घातली, आणि फुंकर घालता घालताच तिचा डोळा लागला. मायलेकी सुखात राहिल्या. चला, तुम्हीही मिटा बघू डोळे.