करंगळीचा कॉर्ड

फार वर्षांमागे एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि वर गुहेत एक राक्षस झोपलेला होता. रोज दिवस मावळताना त्याची झोप चाळवायची. तेव्हा गुहेच्या तोंडाशी बसून कुणीतरी युकुलेले वाजवायचं. चार तारांचं ते इवलंसं वाद्य ऐकलं की राक्षस पुन्हा घोरू लागायचा. एका वर्षी वाजवणारा मध्येच थांबला आणि राक्षस खाली उतरला. तेव्हापासून गावाला खालची आळी नाही; नुसते उंबरे उरलेत.

म्हातारा वादक थकला, तसं हे काम त्याच्या शिष्येकडे, कुंभाराच्या सुनेकडे आलं. तिचा हात गोड, पण मन भित्रं. गाणं तीन कॉर्डचं, म्हणजे तारांवर बोटं दाबून एकदम काढायच्या तीन स्वरजुळण्यांचं. ठरलेली बोटं ठरल्या जागी पडली की तिला हायसं वाटायचं.

एकदा म्हातारा म्हणाला, "पोरी, तो तिसरा, तीन बोटांचा कॉर्ड अनामिका न लावता वाजवून बघ. तिच्या जागी करंगळी ठेव."

तिनं ठेवली. तार भणभणली. तिनं बोट पटकन उचललं.

"नको गुरुजी! असा आवाज तिथे निघाला तर?"

"म्हणून तर इथे काढायचा. माझ्या अंगणात राक्षस नाही."

"पण नेहमीच्या बोटांनी जमतंय की मला!"

"आज जमतंय," म्हातारा एवढंच बोलला.

दोन दिवस तिनं करंगळीचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी आणताना तिला खालच्या आळीतल्या एका उंबऱ्यावर हळदीकुंकवाची पुसट बोटं दिसली. ती घरी आली आणि सरावाला बसली. मग रोज दुपारी करंगळी दुखायची, तार भणभणायची.

"अगं, चांगलं वाजवतेस, मग हे काय बिघडवत बसलीस?" सासू वैतागायची. सून मान खाली घालून पुन्हा तोच कॉर्ड धरायची.

पावसाळा सरला. एके दिवशी डोंगर चढताना गांधीलमाशी तिच्या डाव्या अनामिकेला डसली. गुहेपाशी पोचेपर्यंत बोट टम्म फुगलं. वाकेना. सूर्य टेकला होता. आत घोरणं थांबलं. खाली गावात एकेक दार लागल्याचा आवाज येत होता. पळावं असं वाटून तिचे पाय वळलेही. पण खाली तिची लेक होती.

ती बसली. पहिला कॉर्ड निभावला, दुसराही; त्यांना अनामिका लागत नव्हती. तिसऱ्याला तिनं करंगळी टेकवली आणि तार भणभणली.

अंधारात एक डोळा उघडला. पिवळा, घागरीएवढा.

पण तिचा हात चालू राहिला. करंगळी तिनं उचलली, घट्ट रोवली. तार स्वच्छ बोलली. पुन्हा. पुन्हा. डोळा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग पापणी हळूहळू मिटली.

वाटेच्या तळाशी म्हातारा काठी टेकून उभा होता.

"भीती वाटली?"

"अजून वाटतेय, गुरुजी."

"हात थांबला?"

"नाही."

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन तो गावाकडे चालू लागला.

तात्पर्य: जे चुकण्याची भीती वाटते, त्याचा सराव चुकलं तरी चालेल अशा जागी आधीच करून ठेवावा.