मुठीतली मिरची

एका गावात एक शेट राहायचा, आणि गावात माणसं होती त्याहून त्याच्याकडे पोपट जास्त होते. माणूस बोलायला लागला की थांबत नाही; शेटचे पोपट मिरची दिली की थांबायचे. त्यामुळे लोकांना पोपटच बरे वाटायचे.

पोपट साधे नव्हते. एकदा कानावर पडलेलं गाणं ते जसंच्या तसं म्हणायचे, त्याच आवाजात, त्याच ठेक्यात. एकाचं ऐकून दुसरा शिकायचा, दुसऱ्याचं ऐकून दहावा. शेट ते पिंजऱ्यासकट भाड्यानं द्यायचा. बारसं असो की लग्न, पायलीभर ज्वारी मोजली की गाणं घरी. शेटचा मुलगा पिंजऱ्यांची गाडी घेऊन गावोगाव हिंडायचा आणि पिंजऱ्यांच्या जागी ज्वारी भरून परत यायचा.

त्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं. नवी सून बोलायची कमी, बघायची जास्त. मान खाली घालून वावरायचं म्हटलं की माणसांची तोंडं दिसत नाहीत, पावलं दिसतात; आणि पावलं सहसा खोटं बोलत नाहीत.

पोपटांना चारायचं काम तिच्याकडे आलं. पहिल्याच दिवशी शेटनं बजावलं, "सूनबाई, नव्या गाण्यात दोन कडवी झाली की पोपट पाणी मागतो. 'पाणी' म्हणाला रे म्हणाला की चोचीत मिरची द्यायची. उशीर चालायचा नाही."

"पाणी मागितल्यावर मिरची, मामंजी?"

"गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगतो. त्यांनी कधी असं विचारलं नाही."

नवं गाणं म्हणजे सुनेच्या गृहप्रवेशाचं. पंचक्रोशीत ते ऐकल्याशिवाय एकही नवरी उंबरा ओलांडत नव्हती.

*उंबऱ्या, जरा वाक रे, पाऊल नवं आलं,*
*माहेरच्या मातीनं अजून टाचेला नाही सोडलं.*

दुसरं कडवं संपलं की पोपट दमल्या आवाजात म्हणायचा, "घोटभर पाणी देता का कुणी?" मग मिरची, मग तिसरं कडवं. ही ओळ लोकांना फार आवडायची. एका बुवांनी तर तिचा अर्थही लावला होता, की इथे जीव देवाकडे पाणी मागतो आहे.

सुनेला मात्र ठाऊक होतं, पाणी कोणी मागितलं होतं ते.

ते गाणं पहिल्यांदा तिच्याच वरातीला गायलं गेलं होतं. शेटच्या दारात ती मापापाशी पाऊल टेकवून उभी होती, आणि तुणतुणं घेतलेला एक म्हातारा गाणारा पायरीखाली उभा राहून गात होता. गाणं त्यानं तिच्यासाठी नवं रचून आणलं होतं, पण वऱ्हाडाचं लक्ष गाण्यापेक्षा नवरीकडे होतं. सकाळपासून तो वरातीबरोबर गात चालत आलेला. दोन कडवी झाल्यावर त्याचा घसा चिकटला. "घोटभर पाणी देता का कुणी?" तो म्हणाला.

भाकरतुकड्याबरोबर ओवाळून टाकायला आणलेला पाण्याचा तांब्या सुनेपासून हातभर अंतरावर होता. पण नवरीनं हात पुढे करायचा नसतो. दाराच्या दोन्ही बाजूंना फडक्यांनी झाकलेलं काहीतरी ठेवलं होतं, आणि शेटची पावलं त्याच्या अगदी जवळ होती. गाणाऱ्यानं कोरड्या गळ्यानं तिसरं कडवं म्हटलं. मग घरच्या बायकांनी तांब्यातलं पाणी नवरीवरून ओवाळून मातीत ओतलं. शेटनं गाणाऱ्याच्या हातावर नारळ ठेवला. दोन्ही अर्थांनी नारळ दिला.

ते ओतलेलं पाणी सुनेच्या मनातून काही सुकलं नाही.

एकदा ती कणीक मळत असताना पोपटानं पाणी मागितलं आणि मिरची द्यायला तिला उशीर झाला. पोपट पुढे बोलला. तिनं दचकून कणकेच्या हातानंच पदर डोक्यावर ओढला आणि मागे वळून पाहिलं, कारण आवाज मामंजींचा होता. मागे कोणी नव्हतं. पोपट बोलत होता, आणि जे बोलत होता ते ऐकून तिनं घाईघाईनं एकाच्या जागी दोन मिरच्या त्याच्या चोचीत कोंबल्या. त्या दिवसापासून ती कधी उशीर करत नसे.

इकडे गाणाऱ्याला कोणी बोलावेना. "घरात पोपट आहे की," लोक म्हणायचे, "त्याला जेवायलाही वाढावं लागत नाही." शेवटी तो शेजारच्या गावच्या जत्रेत गेला आणि आपलंच गाणं गायला लागला. दोन कडवी होतात न होतात तोच एक बाई म्हणाली, "अगं बाई, हा तर शेटच्या पोपटाचं गाणं चोरतोय."

बातमी शेटपर्यंत आली, आणि शेटनं चावडीवर फिर्याद नेली. मागणी एकच, की या माणसानं हे गाणं पुन्हा कुठल्याही दारात म्हणू नये.

निघताना तो सुनेला म्हणाला, "पिंजरा तू धर. पोपट तुझ्या हातचं खातो. आणि मिरची विसरू नकोस." मग चपला घालता घालता सहज म्हणावं तसं म्हणाला, "पहिल्याच वर्षी माहेरी परत आलेल्या मुलीला गाव काय म्हणतं, ते तुझ्या आईनं सांगितलं असेलच."

त्याला कळलं होतं, तिनं पोपटाचं पुढचं बोलणं ऐकलंय ते. घाईत मिरच्या कोंबताना लागलेले कणकेचे डाग पिंजऱ्यावर राहिले होते.

चावडीवर सगळं गाव जमलं. थोरले पंच फार म्हातारे होते. ऐकायचे पूर्ण, बोलायचे अर्धं. त्यांनी विचारलं, "शेट, गाणं कुणाचं?"

"रानातलं. पोपट रानातून शिकून आले. गाणं म्हणजे वारा, वाऱ्याला का कुणी धनी असतो?"

"मग याला गायला बंदी कशी मागता?"

"वाऱ्याला धनी नसेल, पिंजऱ्याला आहे ना."

लोक हसले. गाणारा म्हणाला, "मला बंदी करा, पण मग इतक्या दारी माझं गाणं वाजलं, त्याची बिदागी तरी द्या."

"बिदागी म्हणजे निरोपाचं देणं," शेट म्हणाला. "ज्या दारी तू गेलाच नाहीस, त्या दारानं तुला निरोप कसला द्यायचा?"

हे लोकांना फारच पटलं. तसंही, ज्यात आपल्याला काही द्यावं लागत नाही ते पटकन पटतं.

पंच म्हणाले, "पोपटाला म्हणू दे."

पोपट गायला. दोन कडवी झाली. "घोटभर पाणी देता का कुणी?" आणि सुनेचा हात सवयीनं पुढे गेला, मिरची चोचीत पडली. आपण काय केलं ते तिला हात मागे घेतल्यावर कळलं.

पंचांनी गाणाऱ्याला विचारलं, "गाणं तुझं ना? मग पाण्याच्या ओळीचा अर्थ सांग."

गाणारा गोंधळला; वरातीच्या दिवशी मागितलेलं पाणी त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. खोटं बोलला असता तर निभावलं असतं. "ही ओळ माझी नाही, मालक. मी दोन कडव्यांनंतर तिसरं रचलंय. मध्ये पाणी नाही."

"बघा," शेट म्हणाला. "शेंबड्या पोरालाही पाठ असलेली ओळ याला ठाऊक नाही, आणि म्हणे गाणं माझं."

आता कोणी हसलं नाही. हसण्याइतकीही शंका उरली नव्हती. थोरले पंच निकाल सांगायला सरसावले.

"एक मागणं आहे," गाणारा म्हणाला. "यापुढे मला ते म्हणता यायचं नाही. शेवटचं एकदा ऐकू द्या. पुरतं."

पंचांनी मान हलवली. पोपटानं पहिलं कडवं सुरू केलं.

सुनेच्या मुठीत दुसरी मिरची होती. मूठ इतकी घट्ट, की मिरची चिरडून तळहात चुरचुरायला लागला. तिनं खाली पाहिलं. मामंजींची पावलं तिच्याकडे वळली होती. गाणाऱ्याची पावलं फाटक्या वहाणांत, एकमेकांना चिकटून, तिच्या वरातीच्या दिवशी होती तशीच उभी. आईचं अंगण तिच्या डोळ्यांपुढे आलं, तिथे परत जावं लागलं तर शेजारणी कुठून कुठून डोकावतील तेही आलं. दुसरं कडवं चालू झालं. मामंजी हळूच खाकरले. कडवं संपलं.

"घोटभर पाणी देता का कुणी?"

मूठ उघडली नाही.

"सूनबाई," शेट दबक्या आवाजात म्हणाला. पोपटानं चोच वासली, वाट पाहिली, मान वाकडी केली. मिरची येईना, तसा तो पुढे बोलला, आणि चावडीवरच्या प्रत्येकानं आधी शेटच्या तोंडाकडे पाहिलं, कारण आवाज शेटचा होता, पण तोंड बंद होतं.

"आधी गाणं पुरं कर, मग पाणी." आणि मग हळू, पिंजऱ्याशी वाकून बोलावं तसं, "शिका रे बाळांनो, नीट शिका. असं फुकटचं गाणं पुन्हा मिळायचं नाही."

पोपट तिसरं कडवं गाऊ लागला, आणि मध्येच सून उठली. कोपऱ्यातल्या माठातून तिनं तांब्या भरला, पदर सावरला, आणि सगळ्यांच्या मधून चालत जाऊन तो गाणाऱ्यापुढे धरला.

"त्या दिवशी माझा पाय मापापाशी होता," ती म्हणाली. "हात पुढे करता आला नाही. उशीर झाला, बाबा."

गाणारा पाणी प्याला. पिऊन झाल्यावर म्हणाला, "म्हणजे गाण्यात माझी तहानही गेली होती. मला वाटलं, गाणंच गेलं."

थोरले पंच शेटकडे वळले. मग म्हणाले, "शेट, हा माणूस त्या दारांशी गेला नव्हता, खरं. पण याचा गळा गेला होता, याची तहानसुद्धा गेली होती. अजून काय जायचं राहिलं? ज्या ज्या दारी पोपट गाईल, त्या दारच्या भाड्यात याचा वाटा. आणि गाण्याआधी पोपटानं याचं नाव घ्यायचं."

नाव घ्यायला पोपट आठवड्यात शिकले. पण शिकलेलं विसरायला त्यांना येत नव्हतं. आता कोणी मिरची देईना. पोरं मुद्दाम थांबून पुढचं ऐकायची. शेट बाजारातून निघाला की दर खिडकीतून त्याचाच आवाज यायचा, 'फुकटचं गाणं पुन्हा मिळायचं नाही'. पोपट पाळता पाळता शेटचाच पोपट झाला. तो सुनेशी महिनाभर बोलला नाही, आणि तिला तो महिना बरा गेला.

माहेरी पाठवायची गोष्ट निघालीच नाही. चावडीवरून आल्या संध्याकाळी शेटाणीनं भाकरी थापता थापता विचारलं होतं, "मिरची संपली होती का गं?"

"नाही, सासूबाई. होती."

"बरं," शेटाणी म्हणाली, आणि सुनेचा लाल झालेला तळहात पाहून तुपाची वाटी तिच्याकडे सरकवली.

त्या गावात अजून एक रीत आहे. गाणारा दारात आला की तुणतुणं लावायच्या आधी त्याच्यापुढे भरला तांब्या ठेवतात. आता गाणी म्हणणारे पिंजरे खिशात मावतात आणि गाणाऱ्याची तहान त्यांतून ऐकू येत नाही, म्हणून ही गोष्ट सांगून ठेवायची.

तात्पर्य: गळा दारी आला की गाणारा आला, त्याला पाणी, नाव आणि बिदागी, तिन्ही द्यावी.