आधी फेरी, मग कुऱ्हाड

एकदा काय झालं, एका राजाला झाडाचा राग आला. हसू नका, खरंच आला. त्याच्या राज्याच्या टोकाला एक उघडाबोडका डोंगर होता. तिथं ना माती, ना गवत. नुसते दगड, बर्फ आणि वारा. आणि त्या दगडांत उभं एक पाइनचं झाड. पीळ घातल्यासारखं वाकडं, हाडासारखं पांढरं. राजाच्या पणजोबाच्या पणजोबाच्याही आधीचं, बरं का.

राजा म्हणाला, "माझ्या घराण्यापेक्षा जुनं माझ्या राज्यात कोणी नको. तोडा ते!"

त्या डोंगराच्या पायथ्याशी हौसा मेंढ्या राखायची. तिचा नवरा रायबा कळप घेऊन खिंडीपलीकडे गेला होता. धुकं पडलं की त्या पांढऱ्या झाडाच्या खुणेनं माणसं घरी यायची. झाडच गेलं तर रायबा येणार कसा? म्हणून हौसा झाडापुढे पाय रोवून उभी राहिली.

मग लाकूडतोडे आले. हौसा म्हणाली, "दादांनो, आपली रीत विसरलात? खोडावर हात ठेवून आधी फेरी घालायची. हिरवं दिसलं तर कुऱ्हाड खाली."

"अगं बाई, हे वाळलेलं सरपण!"

"मग घाला की फेरी. घाबरता कशाला?"

त्यांनी फेरी घातली. तर काय! मागच्या अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला, वीतभर रुंद सालीची पट्टी. तिच्या टोकाला सुयांसारखी मूठभर हिरवी पानं. लाकूडतोडे कुऱ्हाडी खाली करून घरी गेले.

मग राजानं मशालवाले पाठवले. वारा त्यांना वर चढू देईना, म्हणून त्यांनी खालूनच आग लावली. पण नुसत्या दगडांतून आग पुढं सरकणार कशी? थोडी फुसफुसली आणि विझली. हौसा वरून ओरडली, "अहो, थांबा ना! हात तरी शेकू द्या!"

मग राजा स्वतःच शिपाई घेऊन आला. हातात सोन्याच्या मुठीची कुऱ्हाड.

"बाजूला हो!"

"आधी फेरी, महाराज."

"राजा फेरी घालत नसतो."

"मग हे झाडही पडत नसतं."

राजानं कुऱ्हाड उचलली आणि तेवढ्यात असा वारा सुटला! मुकुट गेला, छत्र गेलं, शिपाई गडगडत खाली गेले. कुऱ्हाड टाकून राजानं खोडाला मिठी मारली. डोळ्यांत बर्फ, नाकात बर्फ.

"कुठं जाऊ गं?"

"हात सोडू नका. खोड धरून सरका. अजून थोडं."

राजा सरकत सरकत मागच्या अंगाला आला. तिथं वारा लागेना. गाल सालीला टेकला. नाकाशी हिरव्या सुया.

"दिसलं का हिरवं?" हौसानं विचारलं.

"दिसलं," राजा हळूच म्हणाला.

"अर्धी फेरी झाली. उरलेली वारा पडल्यावर."

मग वारा पडला. राजा, बिनमुकुटाचा, खोडावर हात ठेवून निघाला. तेवढ्यात धुक्यातून घंटा वाजल्या. पांढऱ्या खोडाकडे बघत बघत रायबा कळपासकट आला.

"अगं, हे कोण?"

"पाहुणे आहेत. फेरी पुरी करतायत."

मग राजा आपल्या घरी सुखात राहिला, हौसा-रायबा आपल्या घरी. झाड अजून तिथंच आहे, तसंच वाकडं. बाहेर वारा आलाय ना? येऊ दे. पांघरूण घट्ट धरा आणि मिटा डोळे.