खारीची अकरा पाने

सागाच्या एका दाट जंगलात एक खार राहत होती. त्या जंगलात कॉलेजही होते. खरे वाटत नसेल, तरी ऐकायला फी पडत नाही, तेव्हा ऐकून घ्या. खारीला वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळाला. पाठ्यपुस्तक एकच, पण एवढे जाड, की गेल्या वर्षी एका हरणाने ते उशाला घेतले, तर त्याची मान अजून डावीकडेच बघते. कोल्ह्याच्या दुकानात पुस्तकाची किंमत ऐकून खारीची शेपटी खाली आली. ढोलीत हिवाळ्यासाठी साठवलेल्या सगळ्या शेंगा दिल्या असत्या तर ते मिळाले असते, आणि मग थंडीत पुस्तकच कुरतडावे लागले असते.

“जुनं चालणार नाही का, कोल्हेकाका?” खारीने विचारले. “आवृत्ती बदललीय, बाई. जुन्यावर नापास झालीस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस,” कोल्हा म्हणाला. शेजारी मोर कोरे पुस्तक मिरवत उभा होता. तो म्हणाला, “काही जणांनी आधी ऐपत बघावी, मग कॉलेजात यावं.”

खारीला राग आला, पण तो गिळून ती थेट वरच्या वर्गातल्या कासवाकडे गेली. मूठभर शेंगांना त्याने आपले जुने पुस्तक दिले. “समासात माझ्या टिपा आहेत. सावकाश लिहिल्यात, तेव्हा अक्षर लागेल,” तो म्हणाला. मग खारीने ग्रंथालय गाठले. तिथे नवी आवृत्ती होती, पण घरी न्यायची सोय नव्हती. तीन दिवस ती दोन्ही पुस्तके शेजारी उघडून ओळीन् ओळ ताडून पाहत बसली. “काय शोधतेस गं एवढं?” ग्रंथपाल घुबडाने एक डोळा उघडून विचारले. “आवृत्तीत नक्की काय बदललं, ते,” खार म्हणाली. सापडले ते एवढेच : मुखपृष्ठावर आंब्याच्या जागी फणस आला होता, पृष्ठांक सरकले होते, आणि शेवटी बुरशीवर एक नवे प्रकरण होते. अकरा पानांचे. ते खारीने पळसाच्या पानांवर उतरवून काढले.

परीक्षेत हत्तीसरांनी दहा प्रश्न विचारले. नऊ जुन्यातले, एक बुरशीवरचा. खार पहिल्या वर्गात आली, आणि ढोलीत शेंगाही उरल्या. मोरही पास झाला. तो आपले पुस्तक विकायला गेला, तेव्हा कोल्हा म्हणाला, “चार शेंगा देतो. यंदा आवृत्ती बदलतेय.” “काय बदलतंय?” “मुखपृष्ठावर पपई येतेय.”

मोर मुकाट्याने खारीच्या झाडाखाली आला. “पुढच्या वर्षाच्या पुस्तकांची यादी लागलीय,” तो म्हणाला. “आधी ग्रंथालयात जाऊन बघू या का?”

“चल,” खार म्हणाली. “फक्त पिसारा मिटून बस. घुबडकाकांची झोपमोड होते.”

तात्पर्य : पुस्तकात नवे काय आहे ते आधी उघडून पाहावे; जे थोड्या कष्टाने मिळते, त्यासाठी सगळी शिदोरी देऊ नये.