गव्हाच्या दाण्यावरची रेघ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा त्या डोंगरावर चढायला पायऱ्यासुद्धा नव्हत्या. राजाने त्या बांधायला काढल्या, त्या दिवसांतली ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी सगुणा नावाची एक बाई राहायची. मोडलेली हाडं बसवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. ही विद्या तिला आत्याने शिकवली होती. आत्या आता थकली होती, तिचे हात कापायचे, म्हणून ती पडवीत बसून बांबूच्या कामट्या तासून द्यायची.

आत्याने विद्येबरोबर एक नेमही दिला होता. दारातल्या टोपलीत गहू ठेवलेले असत. कोणालाही हात लावण्याआधी त्यातला एक दाणा चिमटीत घ्यायचा, डोळे मिटायचे आणि दाण्याच्या पोटावरची रेघ बोटांनी शोधायची. रेघ लागली तर पुढे जायचं. नाही लागली, तर दारात कोण का आलेलं असेना, हात गरम पाण्यात बुडवायचे, पोटभर जेवायचं आणि झोपायचं. कारण आतल्या हाडाची चीर डोळ्यांना दिसत नाही, ती फक्त बोटांना कळते.

पायऱ्यांचं काम सुरू झालं आणि सगुणाच्या अंगणात रांग लागली. कोणाचा पाय दगडाखाली सापडलेला, कोणाचा खांदा निखळलेला. माणसं कण्हत यायची आणि बरी होऊन आशीर्वाद देत जायची. "आमची सगुणाक्का म्हणजे काय विचारता! दिवसभरात एकदा म्हणून टेकत नाही," असं गाव पाहुण्यारावळ्यांना मिरवून सांगायचं. ते ऐकून सगुणा सुखावायची. मग टेकायचीच तिला लाज वाटू लागली. आधी जेवण उभ्याउभ्या होऊ लागलं, मग झोप गेली, आणि एक दिवस गव्हाची टोपली कोपऱ्यात सरकली.

खरं सांगायचं तर बाईचं आतून पार बिनसलं होतं. भाकरीचा पापुद्रा मोडला तरी तिला हाड मोडल्याचा आवाज यायचा. कण्हणाऱ्यांवर ती खेकसायची, आणि खेकसले म्हणून परसात जाऊन रडायची. आत्याने दोनदा हटकलं.

"आत्या, लोक दारात विव्हळतायत आणि मी गहू चाचपत बसू?" असं म्हणून तिने आत्यालाच गप्प केलं.

त्याच दिवसांत गावची कुंभारीण आली. ओल्या मातीवरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. सगुणाने हाड बसवलं, लेप लावला, कामट्या बांधल्या आणि लगेच पुढच्याकडे वळली.

आठव्या दिवशी पट्ट्या सोडल्या. मनगट वाकडं बसलं होतं.

आत्याने कापऱ्या हातांनी ते चाचपलं. "हाड अजून कोवळं आहे," ती म्हणाली. "परवापर्यंत सोडवून पुन्हा बसवलं तर बसेल. त्यानंतर हा हात चाकावर कधी चालायचा नाही. आणि माझ्यात तेवढा जोर उरलेला नाही, सगुणे."

सगुणा तिथल्या तिथे मनगट धरायला निघाली आणि थबकली. कोपऱ्यातली टोपली तिने ओढून काढली, एक दाणा चिमटीत धरला, डोळे मिटले. काही लागलं नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळे दाणे गुळगुळीत.

अंगणात अकरा माणसं बसली होती. त्यांच्यादेखत खरं बोलायचं, तर इतक्या वर्षांचं नाव स्वतःच्या हाताने पुसायचं. तरी ती बोलली.

"चूक माझी आहे," सगुणा मोठ्याने म्हणाली. "बोटं बधिर झालीत आणि मी ती दामटत राहिले. आत्ता हात लावला तर पुन्हा चुकेन. मला आधी झोपायला हवं."

अंगणात कुजबुज सुरू झाली. कुंभारीण उठली. तिला राग आला होता, तो तिच्या तोंडावर दिसत होता.

"हे आठ दिवसांपूर्वी सांगायचं होतंस, अक्का," ती म्हणाली. "पण सांगितलंस, हे बरं केलंस. जा, नीज. ओलं मडकं मी कधी भट्टीत घातलं नाही, आणि दमलेल्या हातात माझा हातही देणार नाही."

मग वाकडा हात पोटाशी धरून ती स्वतःच दारात पहाऱ्याला बसली. बाकीच्यांना आत्याने तात्पुरता कामट्यांचा आधार बांधून दिला. तेवढं कापऱ्या हातांनाही जमत होतं.

दुपारी राजाचा कारभारी घोडा दामटत आला. "बाईंना उठवा! राजाचं काम खोळंबलंय!"

"नाही उठवायची," कुंभारीण म्हणाली.

"अगं, राजाचं काम आहे!"

"मग राजाला सांगा, डोंगर कुठे पळून जात नाही. माझा हात मात्र जाईल."

ज्यांना उभं राहता येत होतं ते सगळे तिच्यामागे येऊन उभे राहिले. कारभाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने घोडा वळवला.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा सगुणा उठली. पोटभर जेवली. कितीतरी दिवसांनी भाकरी मोडताना नुसती भाकरीच मोडली. मग तिने दाणा चिमटीत घेतला. रेघ नांगराच्या तासासारखी लख्ख लागली. तिने कुंभारणीचं मनगट धरलं, कुंभारणीने दात आवळले, एकदाच आवाज झाला आणि हाड आपल्या जागी गेलं.

पावसाळा सरल्यावर कुंभारणीने त्याच हाताने एक मडकं घडवलं. त्याच्या काठाला कुठे बाक म्हणून नव्हता. ते गव्हाने भरून तिने सगुणाच्या दारात ठेवलं.

पुढे डोंगरावरच्या पायऱ्या पूर्ण झाल्या, लांबलांबून माणसं त्या पाहायला येऊ लागली. गाव मात्र त्यांना आधी ते मडकं दाखवायला न्यायचं. "आमची अक्का आधी दाणा चाचपते," लोक मान ताठ करून सांगायचे, "आणि रेघ लागली नाही, तर राजालासुद्धा थांबवते!"

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्यांची दुखणी ज्या हातांवर सोपवलेली असतात, त्या हातांची निगा राखणं हीसुद्धा सेवाच आहे.